प्रतिभा ओळखण्याची आपली घाई : बुद्धिबळातील थोर खेळाडू आणि त्यांचा सराव

मांजराकाठ, लातूर (धागाकर्ते)

संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवताना पालकांकडून पहिल्याच महिन्यात एक प्रश्न हमखास येतो : "सर, लेकराच्या अंगात मुळातच काही हाय का? नसंल तर उगं कशाला वेळ घालवायचा?" या प्रश्नामागे प्रवासाच्या खर्चाचा, दहावी-बारावीचा आणि नीटचा हिशेब असतो, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. तरीही माझे ठाम मत असे आहे की हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो, आणि त्याचे उत्तर तर त्याहूनही लवकर देऊन मोकळे होतो. मुलाला सरावाचा लाभ किती वेगाने होतो, यातच त्याचा उपजत गुण दिसतो. ज्या मुलाने अजून पुरेसे डाव खेळलेले नाहीत, त्याच्याबाबत तो दिसायला जागाच नसते.

या वादात कापाब्लांका आणि अलेखिन या दोन जगज्जेत्यांचे उदाहरण हटकून दिले जाते. १८८८ साली हवानात जन्मलेला कापाब्लांका चार वर्षांचा असताना वडिलांचा खेळ नुसता पाहून मोहऱ्यांच्या चाली शिकला. १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे तो एकही डाव हरला नाही, आणि १९२१ साली जगज्जेता झाला. अलेखिनने १९२७ पर्यंत त्याला एकदाही हरवलेले नव्हते. त्या वर्षी ब्यूनोस आयर्सला दोघांचा ३४ डावांचा सामना झाला, त्यांतील २५ डाव बरोबरीत सुटले, अलेखिनने ६ आणि कापाब्लांकाने ३ डाव जिंकले. सामन्यापूर्वी अलेखिनने प्रतिस्पर्ध्याचे डाव बारकाईने अभ्यासले होते, त्याच्या सहजतेत ढिलाई कुठे शिरते हे हेरले होते. यावरून कष्टाने प्रतिभेवर मात केली, असे सांगण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही, कारण अलेखिनही असामान्य प्रतिभेचाच होता. पट न पाहता एकाच वेळी अनेकांशी खेळण्यात त्याची बरोबरी करणारे त्या काळी फार थोडे होते. या सामन्यातून मला एवढेच दिसते की प्रतिभेच्या त्या उंचीवर दोघे उभे असताना निकाल तयारीने लागला.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फर्नांड गोबे आणि गिएर्मो काम्पितेली या संशोधकांनी अर्जेंटिनातील १०४ खेळाडूंच्या सरावाचा हिशेब मांडून २००७ साली प्रसिद्ध केला. मास्टर दर्जा गाठायला सरासरी सुमारे ११,००० तास लागले होते; पण एका खेळाडूला साधारण ३,००० तास पुरले आणि दुसऱ्याला २३,००० हून अधिक लागले. काही जण तर त्याहून जास्त तास घालवूनही तिथे पोहोचले नव्हते. एकच पाऊस काळ्या रानावर पडला तर ओल टिकते आणि मुरमाड रानावर पडला तर वाहून जाते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मात्र रान कोणते आहे हे कळायला आधी पाऊस पडावा लागतो, आणि लातूर, बीड, हिंगोलीच्या मुलांच्या बाबतीत तो पडण्याआधीच आपण निकाल देतो. सदस्यांनी अनुभवासह मत मांडावे.

गोदाकाठ, नांदेड

धागा महत्त्वाचा आहे, परंतु धागाकर्त्यांनी उपजत गुणांचे माप थोडे कमी धरले आहे, असे मला वाटते. मीर सुलतान खान यांचे उदाहरण घ्या. पंजाबातील मिठा टिवाणा या गावचा हा माणूस सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. तो देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेला होता, ज्यात प्यादे पहिल्या खेळीला दोन घरे पुढे जात नाही आणि किल्लेकोटाचे (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचे) नियमही वेगळे असतात. १९२९ साली तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ आणि १९३३ सालीही जिंकला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने ज्या कापाब्लांकाला हरवले, तोच वरच्या लेखातला माजी जगज्जेता. युरोपातील खेळाडू लहानपणापासून डावाच्या सुरुवातीची पुस्तके वाचत वाढत होते, आणि सुलतान खानाला त्या ज्ञानाचा वाराही लागलेला नव्हता. हे उपजत नसेल तर काय आहे?

दुसरे उदाहरण सॅम्युएल रेशेव्हस्कीचे. पोलंडमधला हा मुलगा आठ वर्षांचा असताना एकाच वेळी अनेक प्रौढांशी खेळून त्यांना हरवीत असे. पुढे त्याने शिक्षणासाठी अनेक वर्षे स्पर्धात्मक खेळ बाजूला ठेवला आणि हिशेबनिसाचा व्यवसाय पत्करला. तरीही १९४८ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत तो केरेस या खेळाडूसह संयुक्त तिसरा आला. आठव्या वर्षी असा खेळ करायला किती तासांचा सराव झालेला असणार?

माझा मुलगा सहा वर्षे शिकला. शिक्षक चांगले होते, मुलाची चिकाटीही कमी नव्हती. त्याच्याबरोबर दोन वर्षे उशिरा आलेली एक मुलगी पहिल्याच वर्षात त्याच्या पुढे गेली. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस प्रतिभेचा वाटा दुय्यम कसा मानील?

मांजराकाठ, लातूर

गोदाकाठ, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, आणि त्या मुलीचे उदाहरणही. प्रतिभा नसते असे मी म्हटलेलेच नाही. ती मुलगी पुढे गेली हे आपल्याला कधी कळले, तर दोघांनाही एकच शिकवणी, तोच पट आणि तेच शिक्षक मिळाल्यानंतर. ती घरीच बसली असती, तर तिच्या पालकांनी "हिच्यात काही विशेष नाही" असे आयुष्यभर म्हटले असते.

सुलतान खानांबद्दल एक भर घालतो. १९२९ च्या ब्रिटिश स्पर्धेआधी विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या तिथल्या खेळाडूंनी त्यांना डावाच्या सुरुवातीचे धडे दिले होते. शिवाय देशी पद्धतीचा खेळ ते लहानपणी वडिलांकडून शिकले आणि वर्षानुवर्षे खेळले. त्या खेळात डाव संथपणे उलगडतो आणि मोहऱ्यांच्या मांडणीला व डावाच्या अखेरच्या टप्प्याला फार महत्त्व येते. हाच त्यांच्या खेळाचा बलाढ्य भाग होता. इंग्रजी पुस्तकांत नोंदला न गेलेला सरावसुद्धा सरावच असतो, हे आपण विसरतो. १९३३ अखेर ते मालकासोबत हिंदुस्थानात परतले आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय खेळ तिथेच थांबला. प्रतिभा होती तशीच राहिली असणार, पण प्रतिस्पर्धी, स्पर्धा आणि प्रवास संपला. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर (खेळातला सर्वोच्च दर्जा) किताब दिला तो २०२४ साली, त्यांच्या निधनानंतर ५८ वर्षांनी.

औटघटका, छत्रपती संभाजीनगर

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, म्हणून संशोधनाच्या बाजूने थोडे लिहिते. डच मानसशास्त्रज्ञ आणि बुद्धिबळपटू आड्रियान द ग्रोट यांनी जगातील अव्वल खेळाडू आणि सामान्य क्लब खेळाडू यांना एकच स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला लावले. अपेक्षा अशी होती की थोर खेळाडू कितीतरी खेळ्या पुढचे पाहत असतील. प्रत्यक्षात विचारांच्या खोलीत फार मोठा फरक आढळला नाही. फरक इतकाच होता की चांगली खेळी थोर खेळाडूच्या विचारात सुरुवातीलाच येत असे. शिवाय पट काही सेकंद दाखवून झाकला, तर ते जवळजवळ सगळी मोहरी पुन्हा जागेवर मांडू शकत होते, नवख्यांना मात्र मोजकीच आठवत.

ही स्मरणशक्ती उपजत समजावी, तर १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तीच चाचणी मोहरी वाटेल तशी विखरून घेतली. तेव्हा मास्टरचे श्रेष्ठत्व जवळपास नाहीसे झाले. (नंतरच्या चाचण्यांत अगदी थोडे आधिक्य टिकून राहते असे दिसले, पण ते थोडेच.) म्हणजे त्याच्या डोक्यात छायाचित्र उमटत नव्हते, किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा घोडा हे त्याला एका गठ्ठ्यात दिसत होते, कारण असे गठ्ठे त्याने हजारो डावांतून साठवले होते.

आता गोदाकाठ यांच्या बाजूचाही पुरावा सांगायला हवा. डेव्हिड हॅम्ब्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बुद्धिबळातील खेळाडूंमधल्या फरकापैकी सुमारे ३४ टक्के फरक हेतुपूर्वक केलेल्या सरावाने स्पष्ट झाला. उरलेला दोन-तृतीयांश फरक कशामुळे पडतो, तर त्यात बुद्धी, सुरू करण्याचे वय, स्वभाव, संधी असे बरेच काही येते. तो सगळाच उपजत गुणाच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल, तसेच फक्त तास मोजून खेळाडू घडतो हेही म्हणता येणार नाही.

सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास मात्र मेर्झिम बिलालिच आणि सहकाऱ्यांचा आहे. त्यांनी ५७ शालेय मुले तपासली. संपूर्ण गटात बुद्ध्यंक आणि खेळ यांचा काही संबंध होता, पण सरावाचा वाटा मोठा होता. त्यांतील २३ उत्तम खेळाडूंचा गट वेगळा काढला, तेव्हा उलटेच चित्र निघाले : अधिक बुद्ध्यंकाची मुले खेळात किंचित मागे होती, कारण ती सराव कमी करत होती. पालकांनी वर्गातल्या पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावरून बुद्धिबळाचे भाकीत करू नये, यासाठी मी हा अभ्यास विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

बालाघाटची लेक, अंबाजोगाई

मुलीची आई म्हणून लिहिते. हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी आधी सिद्धान्त मांडला आणि मग मुली घडवल्या, हे या चर्चेत यायलाच हवे. स्वतः मोठे खेळाडू नसलेल्या या शिक्षकाने तिन्ही मुलींना घरीच शिकवले. सुझान १९९६ साली महिला जगज्जेती झाली. सोफियाने १९८९ साली रोमच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर खेळाडूंविरुद्ध ९ पैकी ८.५ गुण मिळवले. ज्युडिट १९९१ साली १५ वर्षे ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा १९५८ पासूनचा विक्रम तिने मोडला, आणि पुढे पुरुषांसह साऱ्या जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली.

आपल्याकडे खाडिलकर भगिनी त्याच सुमारास, किंबहुना थोड्या आधी खेळत होत्या, याची आठवण मात्र कमी जणांना असते. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली, त्यानंतर जयश्री आणि रोहिणी यांनी ते अजिंक्यपद वर्षानुवर्षे घरातच ठेवले, आणि रोहिणी १९८१ साली आशियाई महिला विजेत्या झाल्या. एकाच घरातल्या तीन बहिणींत एवढी प्रतिभा योगायोगाने उतरली असे मानायचे, की त्या घरात पट मांडलेला होता, मुलींना खेळायला सोडले जात होते आणि स्पर्धेला नेले जात होते, हे महत्त्वाचे मानायचे?

माझ्या मुलीला पुण्याच्या स्पर्धेला न्यायचे तर रात्रीची बस, तिथे राहणे, आणि सोबत कोण जाणार हा प्रश्न. मुलाच्या बाबतीत हाच प्रश्न निम्मा सुटलेला असतो. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बाटुमीला १९ व्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्याकडे सगळे "ती वेगळीच आहे" असे म्हणाले. ती वेगळी आहेच. पण तेवढे म्हटले की आपल्या लेकीसाठी काही करण्याची जबाबदारी आपोआप संपते, याचे मला वाईट वाटले.

गोदाकाठ, नांदेड

ताई, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पोल्गारांच्या प्रयोगावर मात्र माझा आक्षेप राहतो. तिन्ही मुली एकाच आई-वडिलांच्या, म्हणजे रक्तही सारखे आणि संस्कारही सारखे; त्यातून दोहोंचा वाटा वेगळा कसा काढणार? आणि शिकवण जर एकच होती, तर एक जगात आठवी आणि दुसरी इंटरनॅशनल मास्टर या ग्रँडमास्टरखालच्या किताबावर का थांबली?

मांजराकाठ, लातूर

आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच पोल्गारांच्या घराने वाद मिटला असे मी मानत नाही. पण त्याच घरातली एक बाब पाहा. सुझान यांनी स्वतः सांगितले आहे की ज्युडिटची सुरुवात संथ होती, ती कष्टाळू मात्र विलक्षण होती. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या वयात निवड करायला बसलेल्या परीक्षकाने तिघींपैकी कदाचित तिलाच मागे ठेवले असते. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

वर्गातली एक स्थिती सांगतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. रिचर्ड रेटीने १९२१ साली रचलेला हा अभ्यास बहुतेकांना माहीत असेल. (घरांची नावे पांढऱ्याच्या बाजूने : डावीकडून स्तंभ ए ते एच, खालून ओळी १ ते ८.) पांढरा राजा एच८ वर, पांढरे प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळे प्यादे एच५ वर. खेळी पांढऱ्याची, आणि त्याने बरोबरी साधायची. पाहताक्षणी ती अशक्य वाटते, कारण पांढरा राजा काळ्या प्याद्याच्या दोन पावले मागे आहे आणि स्वतःच्या प्याद्यापासूनही दूर आहे. उत्तर असे की राजा तिरप्या रेषेत उतरतो : जी७, एफ६, ई५. या प्रत्येक पावलाने तो दोन्ही प्याद्यांच्या एकाच वेळी जवळ जातो. काळ्याने थांबून पांढरे प्यादे मारले, तर राजा एफ४ वरून काळ्या प्याद्याला गाठतो. काळे प्यादे धावत सुटले, तर राजा डी६ वर येऊन स्वतःचे प्यादे वजीर करतो.

ही स्थिती मांडली की काही मुले लगेच राजाला सरळ रेषेत पळवून पाहतात, हरतात आणि सोडून देतात. काही मुले तासभर मान वर करत नाहीत. एखादा मुलगा दोन मिनिटांत तिरपी वाट पकडतो, आणि आजूबाजूचे पालक एकमेकांकडे पाहतात. पण पुढच्या आठवड्यात त्याच कल्पनेची वेगळी स्थिती मांडली, की तासभर बसलेल्यांपैकी कोणीतरी ती आधी सोडवते, कारण त्याने सगळ्या चुकीच्या वाटा चालून पाहिलेल्या असतात. दोन मिनिटांच्या मुलाला मी कमी लेखत नाही. त्याला अधिक कठीण स्थिती द्यायला हवी, नाहीतर त्याची बसण्याची सवय घडतच नाही, आणि नववीत पोहोचेपर्यंत तो मागे पडतो.

दुधनातीर, परभणी

मी शाळेत गणित शिकवतो. माझा प्रश्न सरळ आहे : लातूर पॅटर्नने बोर्डात आणि वैद्यकीय प्रवेशांत यश आणून दाखवले, तीच शिस्त, तेच सराव-संच आणि त्याच चाचण्या बुद्धिबळात लावल्या तर आपल्याकडे ग्रँडमास्टर घडतील का?

मांजराकाठ, लातूर

सर, काही अंशी घडतील. शिस्तीचा आदर्श म्हणून सोव्हिएत जगज्जेता बॉटविनिकचे नाव घ्यावे लागते. विद्युत अभियंता असलेला हा माणूस स्वतःच्या डावांची निर्दय चिकित्सा करायचा, आणि सिगारेटच्या धुराने लक्ष विचलित होते म्हणून सरावाच्या डावात समोरच्याला मुद्दाम धूर सोडायला सांगायचा. १९६० साली २३ वर्षांच्या मिखाईल ताल या झंझावाताने त्याला ८.५ विरुद्ध १२.५ असे हरवले. बॉटविनिकने वर्षभर तालच्या खेळाचा अभ्यास केला आणि १९६१ च्या परतीच्या सामन्यात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ८ विरुद्ध १३ ने किताब परत मिळवला. तालची प्रकृती त्या वेळी बरी नव्हती, हेही नमूद करायला हवे. पुढे कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तिघेही भावी जगज्जेते बॉटविनिकच्या शिकवणीतून गेले.

पण सराव-संचाची परीक्षा आणि बुद्धिबळ यांत एक मोठे अंतर आहे. परीक्षेत प्रश्नाला उत्तर आहे हे ठाऊक असते. पटावर या क्षणी काही शोधण्यासारखे आहे की नाही, हेच आधी ठरवायचे असते. गुकेश यांचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्यांना रेटिंग (खेळाच्या ताकदीचे गुणांकन) सुमारे २५०० होईपर्यंत संगणकाच्या इंजिनपासून, म्हणजे उत्तम खेळी सांगणाऱ्या प्रणालीपासून, दूर ठेवले, ते याचसाठी. मूल इंजिनचे उत्तर पाहते तेव्हा उत्तर मिळते, पण शोधण्याची ताकद वाढत नाही. १८ वर्षांच्या गुकेश यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनला ७.५ विरुद्ध ६.५ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्यामागे चौथीनंतर नियमित शाळा थांबवण्याचा आणि वडिलांनी आपली वैद्यकीय सेवा बाजूला ठेवण्याचा कुटुंबाचा निर्णय होता. तो प्रत्येकाला परवडणारा नाही, आणि मी कोणालाही तसा सल्ला देणार नाही.

औटघटका, छत्रपती संभाजीनगर

नॉर्वेचा माजी जगज्जेता कार्लसनचे नाव अजून आले नाही, म्हणून एक भर. वडिलांनी जवळपास पाचव्या वर्षी त्याला खेळ दाखवला, तेव्हा त्याने फारसा रस घेतला नाही. त्या वयात तो देशांची नावे, ध्वज आणि लोकसंख्या पाठ करण्यात रमलेला होता. बुद्धिबळाकडे तो खऱ्या अर्थाने काही वर्षांनी वळला, आणि २००४ साली तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. त्याची स्मरणशक्ती उपजत आहे हे मला मान्य आहे. पण तिच्याइतकीच महत्त्वाची मला त्याची एखाद्या गोष्टीत तासन्‌तास स्वतःहून बुडून जाण्याची वृत्ती वाटते. कष्ट करण्याची क्षमता हीसुद्धा एक प्रतिभाच आहे, असे कास्पारोव्ह सांगत आले आहेत. ते खरे असेल, तर या धाग्याच्या दोन बाजू वाटतात तितक्या परस्परविरोधी उरत नाहीत.

दुधनातीर, परभणी

मग शाळेत नेमके काय करावे? आमच्याकडे तालुका निवडीत एका दिवसात पाच फेऱ्या होतात आणि पहिले पाच जिल्ह्याला जातात. बाकीची मुले पुढच्या वर्षी येतच नाहीत.

मांजराकाठ, लातूर

सर, निवड ज्यांच्या हाती आहे ते ती करोत, पण शिकवणी त्या निवडीला बांधू नये. मी माझ्यापुरते असे ठरवले आहे की पहिली दोन वर्षे कोणालाही गटात वर-खाली करायचे नाही. प्रत्येक मुलाने प्रत्येक डाव लिहून काढायचा, हरलेला डाव जिंकणाऱ्यासोबत बसून पुन्हा मांडायचा, आणि आठवड्याला एक स्थिती अशी सोडवायची की जिच्यात काय शोधायचे आहे हे आधी सांगितलेले नसेल. दोन वर्षांच्या वह्या समोर ठेवल्या, की कोणाची चूक दुसऱ्यांदा होत नाही आणि कोणाची तीच चूक पुन:पुन्हा होते, हे पालकांनाही दिसते. तेव्हा त्यांनी तोच प्रश्न विचारावा, मी उत्तर देईन. आपल्या शाळेत हे सुरू करायचे असेल तर वह्यांचा नमुना आणि पहिल्या वर्षाच्या स्थिती मी पाठवतो. पट किती आहेत तेवढे कळवा.